ऊतींची विद्युत वाहकता मोजायची आहे? आधी मिठाचं पाणी नीट मोजा

बायोमेडिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला, एम.टेक.ला किंवा बायोफिजिक्सच्या लॅबमध्ये नवीन असताना गाईड सहज सांगून जातात, "टिश्यूचा इम्पीडन्स मोजायला लाग, पुढे त्यावर इमेजिंग करू." इम्पीडन्स म्हणजे ऊतीचा एसी करंटला होणारा अडथळा, वाहकतेची उलटी बाजू. मग तुम्ही पेपर उघडता आणि एकाच स्नायूचे चार पेपरांत चार आकडे सापडतात. तुमचा आकडा त्यातल्या कशाशीच जुळत नाही.

सुरुवातीला तुमच्या पडद्यावर जो आकडा येतो तो बहुतांशी ऊतीचा नसतोच. तो इलेक्ट्रोडचा, केबलचा आणि खोलीतल्या तापमानाचा असतो. म्हणून ज्याची वाहकता आधीच माहीत आहे असं मिठाचं पाणी तुमच्या यंत्रावर बरोबर येईपर्यंत मांसाला हात लावू नका. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. कोणत्या फ्रिक्वेन्सीला मोजायचं ते आधी ठरवा

ऊतीची वाहकता हा एकच आकडा नाही, तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. पेशीचं आवरण हा एक पातळ कपॅसिटर आहे. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये रक्तपेशींवरच्या विद्युत मोजमापांतून त्याची कपॅसिटन्स दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड काढली, आणि त्यावरून आवरण काही नॅनोमीटरच जाड असावं असा अंदाज बांधला. तेव्हा ते आवरण कुणी पाहिलेलंही नव्हतं. कमी फ्रिक्वेन्सीला करंट या आवरणातून जात नाही, पेशींना वळसा घालून बाहेरच्या द्रवातून जातो. फ्रिक्वेन्सी वाढली की तो आवरण ओलांडून पेशीच्या आतूनही वाहू लागतो आणि वाहकता वाढते. काही दहा किलोहर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेल्या या बदलाला बीटा डिस्पर्शन म्हणतात. फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांप्रमाणे अशा बदलांचं अल्फा, बीटा, गॅमा हे वर्गीकरण जीवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांचं.

इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी, म्हणजे ईआयटी (कडेच्या इलेक्ट्रोडवरच्या मोजमापांतून आतल्या वाहकतेची प्रतिमा), करायची असेल तर साधारण १० ते २०० किलोहर्ट्झ हा तुमचा पट्टा. एमआरआयसाठी ऊतींचे गुणधर्म हवे असतील तर १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झ आणि ३ टेस्लाला १२८ मेगाहर्ट्झ. तिथे नेटवर्क अ‍ॅनालायझर आणि उघड्या टोकाचा कोअ‍ॅक्स प्रोब लागतो, तो विषयच वेगळा. हा लेख पहिल्या पट्ट्यापुरता आहे.

२. सामान आणि कागदपत्रं

सामान:
- एक मिलिअ‍ॅम्पिअरच्या आतला, १ ते २०० किलोहर्ट्झ देणारा करंट सोर्स (हाउलँड सर्किट चालेल) आणि चांगला इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर, किंवा लॅबमध्ये असेल तर इम्पीडन्स अ‍ॅनालायझर
- शुद्ध चांदीची तार, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाड
- अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, व्हर्निअर कॅलिपर
- एक टक्का टॉलरन्सचे मेटल फिल्म रेझिस्टर आणि काही कपॅसिटर
- १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचं कंडक्टिव्हिटी स्टँडर्ड द्रावण (केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बहुधा असतंच)
- मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची एक बाटली
- अर्धा अंश दाखवणारा थर्मामीटर. याला पर्याय नाही

कागदपत्रं:
- गाईडचं पत्र आणि लॅब वापरण्याची परवानगी
- खाटकाकडचं मांस वापरणार असाल तरी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीला एक पानी पत्र द्या आणि परवानगीची गरज नसल्याचं लेखी घ्या. पेपर पाठवताना जर्नल तेच मागतं
- माणसावर एकही इलेक्ट्रोड लावणार असाल, मग तो स्वतःच्या हातावर का असेना, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेतलं संमतिपत्र
- जैववैद्यकीय कचऱ्याची सोय. प्रयोगातलं मांस पिवळ्या पिशवीत जातं, कॅन्टीनच्या डब्यात नाही

समितीची बैठक महिनोन्‌महिने होत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका आणि तोवर पायरी ३ ते ६ करा.

३. दोन नाही, चार इलेक्ट्रोड

धातू आणि खारा द्रव जिथे भेटतात तिथे विद्युतभाराचा एक दुहेरी थर तयार होतो आणि त्याचा स्वतःचा इम्पीडन्स असतो. कमी फ्रिक्वेन्सीला तो ऊतीच्या इम्पीडन्सपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. दोनच इलेक्ट्रोड वापरले तर ऊत आणि हा थर यांची बेरीज हाती येते, आणि ती वेगळी करता येत नाही.

चार इलेक्ट्रोडच्या पद्धतीत बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा आणि आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. आतल्या इलेक्ट्रोडमधून जवळजवळ करंट वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या थरावर व्होल्टेज पडत नाही. चौघे एका रेषेत, समान अंतरावर असले आणि नमुना पुरेसा मोठा असला तर सूत्र सोपं आहे:

वाहकता = १ ÷ (२ × पाय × अंतर × मोजलेला रोध)

अंतर मीटरमध्ये आणि रोध ओममध्ये घातला की वाहकता सीमेन्स प्रति मीटरमध्ये मिळते. अंतर ५ मिलिमीटर ठेवलं तर हिशोब 'वाहकता = ३१.८ ÷ रोध' इतकाच उरतो. हा ३१.८ म्हणजे तुमच्या प्रोबचा स्थिरांक. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा एडी५९३३ या इम्पीडन्स मोजणाऱ्या चिपचा. स्वस्त मॉड्यूल मिळतं, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, म्हणून अर्धे प्रोजेक्ट त्यावर सुरू होतात. ही चिप मुळात दोन टोकांची आहे, १ किलोओमच्या वर मोजायला बनवलेली आहे आणि तिच्या आउटपुटवर डीसी बायस असतो. तुमचा रोध येणार वीस ते काही शे ओम. शिवाय तो डीसी थेट ऊतीत गेला तर इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया सुरू होते. डीसी अडवणारे कपॅसिटर आणि चार इलेक्ट्रोडचं फ्रंट एंड जोडल्याशिवाय ती वापरू नका.

दुसरा सापळा एलसीआर मीटरचा, म्हणजे इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या मीटरचा. त्यालाही चार टर्मिनल असतात, म्हणून ती थेट चार इलेक्ट्रोडना जोडण्याचा मोह होतो. ऑटो बॅलन्सिंग ब्रिजचं मीटर कमी पोटेन्शियलचं टर्मिनल शून्य व्होल्टला धरून ठेवतं आणि केबलचा रोध किरकोळ आहे असं गृहीत धरतं. तुमच्या इलेक्ट्रोडचा संपर्करोध किलोओममध्ये गेला की आकडा बिघडतो, आणि मीटर कुठलीही एरर न दाखवता तो बिघडलेला आकडा सहा अंकांत देतं.

४. इलेक्ट्रोड घरीच बनतात

सराफाकडे तार मागताना 'चोख चांदी' म्हणा, दागिन्यांची ९२.५ टक्क्यांची नको. तार बारीक पॉलिश पेपरने घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, अर्धा तास बुडवून ठेवा. खिडकी उघडी असू द्या. तारेवर करडा-तपकिरी मॅट थर आला की सिल्व्हर क्लोराइड बसलं. चकाकी उरलेली असेल तर पुन्हा घासून पुन्हा बुडवा. चारही तारा एकाच वेळी, एकाच भांड्यात करा, नाहीतर चौघांचा स्वभाव वेगवेगळा होतो.

ठोकळ्याला भोकं लेझर कटरवर पाडून घ्या, हाताने ड्रिल नको. ५ मिलिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे दहा टक्के. तारांची टोकं एका पातळीत आहेत ना, ते काचेवर टेकवून पाहा.

५. रेझिस्टरवर चाचणी

पाण्याच्या आधी सर्किट तपासा. १०, २२, ४७, १००, ४७० ओमचे रेझिस्टर चार तारांनी जोडून सगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजा. आलेख सरळ आडवा यायला हवा. वरच्या टोकाला तो खाली झुकत असेल तर करंट सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स कमी पडतोय किंवा केबल करंट खातेय. साध्या कोअ‍ॅक्स केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. एक मेगाहर्ट्झला ती १६०० ओमच्या आसपास रोध दाखवते, म्हणजे किलोओमच्या इलेक्ट्रोडशेजारी चक्क दुसरी वाट उघडते. केबल आखूड करा.

मग प्रत्येक संपर्काचं सोंग म्हणून चारही तारांत एकेक किलोओम घाला आणि पुन्हा मोजा. आकडा हलायला नको. ही चाचणी फार कमी जण करतात, आणि पुढे नडणाऱ्या बऱ्याच चुका इथेच दिसतात.

शेवटी खोटी ऊत बनवा: ४७ ओम आणि २२ नॅनोफॅरड सिरीजमध्ये, त्यांना समांतर १०० ओम. कमी फ्रिक्वेन्सीला १०० ओम आणि खूप वर ३२ ओमच्या आसपास यायला हवेत, बदलाचा मध्य ५० किलोहर्ट्झजवळ. हे जमलं तर तुमचा फेजही, म्हणजे करंट आणि व्होल्टेजच्या लहरींतला अंशांत मोजलेला फरक, विश्वासार्ह आहे. फेजकडे दुर्लक्ष करू नका. स्नायूचा फेज १० किलोहर्ट्झला दोन-अडीच अंश आणि १०० किलोहर्ट्झला सात अंशांच्या आसपास असतो. सर्किटच तीन अंश चुकत असेल तर पर्मिटिव्हिटीचा, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा, आकडा छापण्याच्या लायकीचा राहत नाही.

६. मिठाचं पाणी

खरं काम इथे आहे, म्हणून इथे थांबून राहा.

आधी १४१३ चं स्टँडर्ड द्रावण. २५ अंशांना त्याची वाहकता ०.१४१३ सीमेन्स प्रति मीटर, म्हणजे ५ मिलिमीटरच्या प्रोबवर २२५ ओम यायला हवेत. मग नॉर्मल सलाइन. २५ अंशांना त्याची वाहकता साधारण १.६, म्हणजे २० ओमच्या आसपास. प्रत्येक द्रावणावरून प्रोबचा स्थिरांक उलटा काढा. दोन्हीकडून एकच स्थिरांक आला आणि तो ३१.८ च्या जवळ असला तर पुढे जा. एकीकडून ३२ आणि दुसरीकडून ३८ येत असेल तर पाणी निर्दोष आहे, चूक तुमच्याकडे आहे. बहुतेक वेळा सलाइनच्या बाजूला, कारण तिथे व्होल्टेज जेमतेम वीस मिलिव्होल्ट उरतं आणि अ‍ॅम्प्लिफायरचा ऑफसेट किंवा कॉमन मोड (दोन्ही तारांवर सारखंच असलेलं व्होल्टेज) त्यात मिसळतो.

स्वयंपाकघरातलं मीठ वापरू नका. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि दमट हवेत ते पाणी धरतं, मग नऊ ग्रॅम म्हणजे नऊ ग्रॅम उरत नाहीत. सलाइनची बाटली स्वस्त आहे.

भांडं रुंद घ्या. प्रोबपासून तळ आणि कडा इलेक्ट्रोडच्या अंतराच्या किमान पाचपट लांब हवेत, म्हणजे ५ मिलिमीटरला २५ मिलिमीटर. तारांची टोकं पाण्याला जेमतेम टेकू द्या. प्रोब खोल बुडवलात तर करंट वरच्या बाजूनेही वाहतो आणि सूत्रातला २ हा आकडाच बदलतो.

तापमान प्रत्येक वाचनाबरोबर लिहा. खाऱ्या द्रवाची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. सकाळी एसीत २४ अंश आणि दुपारी लाइट गेल्यावर ३२, इतक्यानेच तुमचा आकडा सोळा टक्के सरकतो. त्याला कुणी 'रिपीटेबिलिटीचा प्रॉब्लेम' म्हणतं, पण प्रॉब्लेम वहीत तापमानाचा रकाना नसण्याचा असतो.

७. आता मांस

दुकानात सकाळी लवकर जा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: आजचंच हवं, धुवायचं नाही, तुकडे करायचे नाहीत. खाटीक सवयीने पाण्याखाली धरतोच. पृष्ठभागावरचे क्षार धुऊन गेले की वाहकता तिथे खोटी कमी दिसते. 'कॉलेजच्या प्रयोगाला' म्हटलं तर तो एकदा विचित्र नजरेने बघेल, दुसऱ्यांदा स्वतःहून बाजूला काढून ठेवेल.

सुरुवात कलेजीने करा. तिच्यात तंतू नाहीत, कुठल्याही दिशेने मोजलं तरी फारसा फरक पडत नाही. जाड भाग निवडा, वरची पातळ पापुद्री ब्लेडने काढा आणि ताज्या कापावर प्रोब ठेवा.

मग मागच्या मांडीचा सलग बोनलेस तुकडा. स्नायूत दिशा महत्त्वाची. तंतूंच्या लांबीच्या दिशेने करंट सहज वाहतो, आडवा जाताना प्रत्येक तंतूचं आवरण आडवं येतं, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीला दोन दिशांचे आकडे कितीतरी वेगळे येतात. फ्रिक्वेन्सी वाढवत गेलात की हा फरक घटतो. प्रोब तंतूंना समांतर आणि आडवा, दोन्हीकडे ठेवून मोजा आणि वहीत बाण काढा. एका रेषेतल्या प्रोबने दिशादर्शक ऊतीवर आलेला आकडा म्हणजे थेट त्या दिशेची वाहकता नव्हे. करंट सगळीकडे पसरतो, म्हणून मोठ्या नमुन्यावर समांतर ठेवलेला प्रोब उलट आडव्या दिशेची वाहकता दाखवतो, आणि आडवा ठेवलेल्या प्रोबच्या आकड्यात दोन्ही दिशांची भेसळ असते. दोन दिशांच्या वाहकता वेगळ्या हव्या असतील तर दोन्ही मोजमापं एकत्र सोडवावी लागतात.

घाट्यात नेणाऱ्या गोष्टी:

फ्रोझन चिकन. बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणं फोडतात. आवरण फुटलं की बीटा डिस्पर्शनच उरत नाही, आलेख जवळजवळ सपाट येतो. 'आमच्या नमुन्यात डिस्पर्शन दिसलं नाही' असा निष्कर्ष अहवालात दिसला की परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात: मांस कुठून आणलं?

वेळ. प्राणी मारल्यानंतर पेशी आधी फुगतात, बाहेरच्या द्रवाची वाट अरुंद होते आणि कमी फ्रिक्वेन्सीचा रोध वाढतो. पुढे आवरणं गळायला लागली की तोच रोध घसरतो. म्हणजे एकाच तुकड्याचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वेगळा असणारच. कापल्याची वेळ विचारून लिहा.

दाब. प्रोब हाताने दाबला तर द्रव बाजूला सरकतो आणि आकडा बोटांबरोबर हलतो. प्रोब स्टँडला लावा आणि त्यावर ठरावीक वजन ठेवा.

ओलावा. तुकडा सुकू नये म्हणून त्यावर सलाइन शिंपडू नका, त्या पातळ थरातून करंट पळवाट काढतो. क्लिंग रॅपमध्ये गुंडाळा आणि मोजण्याआधी टिश्यू पेपर हलकेच टेकवा.

८. आकडा बरोबर आहे का, हे कशाशी ताडायचं

गेब्रियल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ऊतींच्या मोजमापांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीच आजही बहुतेकांचा आधार आहे. फ्लॉरेन्सच्या आयएफएसी संस्थेच्या संकेतस्थळावर त्यावरचा कॅल्क्युलेटर आहे: ऊत निवडा, फ्रिक्वेन्सी द्या, आकडा घ्या. १०० किलोहर्ट्झला तिथे स्नायू ०.३६, रक्त ०.७०, यकृत साधारण ०.०८ सीमेन्स प्रति मीटर मिळतं. फुगलेलं फुप्फुस ०.११ आणि रिकामं ०.२७. हा शेवटचा फरकच फुप्फुसाच्या ईआयटीचं भांडवल आहे.

पण ती वेदवाक्यं मानू नका. एक मेगाहर्ट्झच्या खाली इलेक्ट्रोडच्या थरामुळे त्या आकड्यांत अनिश्चितता मोठी आहे, आणि त्याच गटाने २००९ मध्ये कमी फ्रिक्वेन्सीसाठी नवी मोजमापं प्रसिद्ध केली. शिवाय ते आकडे शरीराच्या तापमानाकडे झुकलेले आहेत, तुमची कलेजी २८ अंशांना आहे. तीस टक्क्यांच्या आत आलात आणि आलेखाचा आकार जुळला तर समाधान माना. दोन दशांशांपर्यंत हुबेहूब जुळलं तर मला उलट शंका येते.

९. माणसावर जायची घाई नको

बारामतीहून असो वा बोस्टनहून, प्रत्येक नवा विद्यार्थी इथे पोहोचला की स्वतःच्या दंडावर इलेक्ट्रोड लावू बघतो. मंजुरी नसेल तर नाही. मंजुरी असली तरी यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर हवेत, चार्जर भिंतीतून काढलेला हवा, आणि प्रत्येक तारेत डीसी अडवणारा कपॅसिटर हवा. आयईसी ६०६०१-१ या मानकात शरीरातून जाऊ शकणाऱ्या करंटची मर्यादा कमी फ्रिक्वेन्सीला १०० मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या घरात आहे आणि एक किलोहर्ट्झच्या वर ती फ्रिक्वेन्सीबरोबर वाढते. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला अजिबात जोडू नका.

हे क्षेत्र आपल्याला परकं नाही, हेही सांगून ठेवतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातापायांतला रक्तप्रवाह इम्पीडन्सवरून पाहणारी यंत्रं पूर्वीच बनवली आहेत. त्याबद्दल वाचलेलं या पायरीवर उपयोगी पडतं.

१०. टबातली पहिली प्रतिमा

एका बिंदूवरचं मोजमाप जमलं की मग ईआयटी. गोल प्लास्टिकचा टब घ्या, कडेने समान अंतरावर १६ स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवा आणि पातळ मिठाचं पाणी भरा. सलाइन भरलंत तर व्होल्टेज फारच लहान येतं, म्हणून त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं मीठ पुरे. शेजारच्या दोन बोल्टमधून करंट, उरलेल्या शेजारच्या जोड्यांवर व्होल्टेज, मग एक घर पुढे. १६ जागी १३ वाचनं, म्हणजे २०८. शेफिल्डच्या बार्बर आणि ब्राउन यांनी ऐंशीच्या दशकात ही मांडणी रुळवली. प्रतिमा बनवायला आयडॉर्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते ऑक्टेव्ह या मोफत गणिती सॉफ्टवेअरवरही चालतं.

आधी रिकाम्या पाण्याचं वाचन घ्या, मग काकडीचा जाड तुकडा उभा ठेवून दुसरं, आणि दोघांच्या फरकाची प्रतिमा काढा. थेट एका वाचनावरून प्रतिमा काढायचा हट्ट पहिल्या सेमिस्टरला धरू नका, बोल्टच्या जागेतली मिलिमीटरची चूकही तिथे काकडीइतकी मोठी दिसते.

प्रतिमा बघण्याआधी एक तपासणी. करंटची जोडी आणि व्होल्टेजची जोडी यांची अदलाबदल केली तरी वाचन तेच यायला हवं, म्हणून २०८ पैकी स्वतंत्र १०४च. सगळ्या अशा जोड्यांतला फरक टक्क्यांत काढून यादी लावा. सर्वात वाईट जोड्यांत बहुधा एक-दोन बोल्ट वारंवार दिसतात. त्यांचे नट घट्ट करा, बोल्टवर चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा, पाणी ढवळा, ते शांत झालं की २०८ वाचनं पुन्हा घ्या.